एक पान तुले, एक पान त्याले

बाबांनी काकांवर दिवाणी दावा टाकला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, हे आधीच सांगून टाकते. हारजितीशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. पण वकिलांनी निरोप पाठवला की घरातले सगळे कागद काढा, लावा, नंबर टाका, सूची करा आणि झेरॉक्सचे संच बनवून आणा. ते ऐकून माझे हात शिवशिवायला लागले. मी बालाघाटच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पुस्तकं फारशी कोणी काढत नाही, त्यामुळे ती जागच्या जागी असतात आणि मला लावायला काही उरत नाही. बाबांची कागदांची ट्रंक मात्र मी लहानपणापासून लांबूनच बघत आले होते. तिला हात लावायची कोणाचीच टाप नव्हती.

बाबा भरवेलीच्या खाणीत कारकून होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद नीट ठेवले, त्याचा सगळा सूड त्यांनी घरच्या ट्रंकेवर उगवला होता. कागद उंचीप्रमाणे रचलेले. लहान वर, मोठे खाली, आणि वरून सुतळी.

"बाबा, हे असं काहून लावलं?"

"मंग कसं लावू? मोठा कागद वर ठेवला तर लहान दिसन काय?"

माझं ग्रंथालयशास्त्र मी गुंडाळून ठेवलं. सुतळी सोडली तर वरच्या थरात सायकलचं जुनं लायसन, त्याखाली माझं चौथीचं प्रगतिपत्रक, त्याखाली विजेची बिलं, मग कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि सगळ्यात खाली चौघडी घातलेला आईच्या गुडघ्याचा एक्स-रे. मी दाव्याच्या कामाचे आणि बिनकामाचे असे दोन ढीग करायला बसले. मी बिनकामाच्या ढिगात टाकलेला कागद बाबा माझी पाठ वळली की उचलून कामाच्या ढिगात ठेवत. दुपारपर्यंत माझं प्रगतिपत्रकही पुराव्यात दाखल झालं होतं.

"याचं काय काम?"

"राहू दे ना. जजसाहेबानं इचारलं तर दाखवता येते."

आता दावा कशाचा, ते सांगते. आमचं आणि काकांचं घर शेजारी शेजारी, मधे एक बोळ. आमची दोन्ही घरं उतारावर. पुढून आमचं जोतं उंच, रस्त्यावर उतरायला पाच पायऱ्या, एकेक गुडघाभर. मागून मात्र घर जमिनीला टेकलेलं. स्वयंपाकघराचं दार थेट बोळीत उघडतं, आणि बोळ पायऱ्यांविना हळूहळू उतरत काकांच्या बाजूच्या दारावरून रस्त्याला लागते. आईचे गुडघे गेल्यापासून ती याच वाटेनं जायची. संध्याकाळी काकूच्या ओट्यावर बसायची, तिथून भाजीवाल्याशी भांडायची, जमलं तर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जायची.

उन्हाळ्यात बाबांनी कूलरचं पाणी सोडायचं तोंड बोळीकडे केलं. पाणी वाहत वाहत गेलं काकूनं वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांत. काकूनं त्या उचलून दुसरीकडे पसरल्या. काका बोलले. बाबांनी त्यावर आणखी काहीतरी ऐकवलं. काय ते दोघांनाही आज आठवत नाही, पण फार वाईट होतं याबद्दल दोघांचं एकमत आहे. दुसऱ्या दिवशी काकांनी आमच्या आणि त्यांच्या दाराच्या मधे पत्र्याचं फाटक बसवलं आणि त्याला कुलूप ठोकलं. बोळीचा पुढचा अर्धा भाग आपला, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या दारात जाऊन दोन शब्द बोलायच्या ऐवजी बाबा वैनगंगेच्या पुलावर फिरायला गेले, तिथून परस्पर कोर्टात गेले आणि वकील लावून आले. आमच्या घराण्यात बोलण्यापेक्षा दावा सोपा पडतो.

या सगळ्यात आई घरात अडकली. एकदा तिनं पुढच्या पायऱ्या उतरायचा प्रयत्न केला. तिसऱ्या पायरीवर गुडघा धरला, तो सुटेना. मग शेजारच्या चार जणांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि परत वर आणून ठेवलं. आख्खा मोहल्ला बघायला उभा.

"वरात काढली माही," आई म्हणाली. "आता त्या पायऱ्यायवर पाय ठेवन तर शपथ."

आणि आमची आई शपथ मोडत नाही. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. धानाचे ट्रक रस्त्यावरून जायला लागले, ते तिनं खिडकीतूनच बघितले. डॉक्टरांकडे जायचं ती टाळायची, लग्नाची बोलावणी परत पाठवायची. हळूहळू तिनं केस नीट विंचरणंही सोडलं. कशाला विंचरायचे, म्हणायची, खिडकीले का दाखवायचे? हे ऐकून मला बाबांचा आणि काकांचा, दोघांचाही असा राग यायचा की दोघांना एकाच सुतळीत बांधून ट्रंकेत टाकावंसं वाटायचं.

फाटकाखाली मात्र एक फट होती. वाटी जाईल एवढी. डबा जात नसे. दुपारी दोघे भाऊ घोरत असले की या फटीतून काकूची भाजीची वाटी इकडे यायची आणि आईची चटणी तिकडे जायची. दोघी जावा पत्र्याच्या दोन बाजूंना बसून कुजबुजत. भावांना हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नसल्यासारखं ते घोरत होते.

तर, सूची करता करता मी मुख्य कागदाशी आले. वाटणीपत्र. आजोबांनी दोन्ही मुलांची वाटणी केली तेव्हा लामता गावाहून पंच बोलावून घरीच सहा स्टॅम्प पेपरांवर ते लिहून घेतलेलं. रजिस्ट्री केली नव्हती, त्यामुळे सरकारी कचेरीतून नक्कल निघायचा प्रश्न नव्हता. वकिलांनी बजावलं होतं की हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. मी पान एक लावलं. पुढचं उचललं, तर ते पान तीन. त्याच्या पुढचं पाच. ट्रंक उलटी केली, झटकली, एक्स-रेची चौघडीसुद्धा उघडून बघितली.

"बाबा, पान दोन कुठं आहे?"

"त्याच्यापाशी," बाबांनी हनुवटीनं काकांचं घर दाखवलं. "चार अन् सहाबी."

मग कळलं. आजोबांनी वाटणी अशी काटेकोर केली होती की कोणी नाव ठेवू नये. भांडी समोर मांडून एकेक उचलली, एक तुले, एक त्याले. त्या नादात मोठं पातेलं आमच्याकडे आलं आणि त्याचं झाकण काकांकडे गेलं. आजही लग्नकार्यात आमचं पातेलं परातीनं झाकतात. शेवटी वाटणीपत्राचीच वाटणी आली. आजोबांनी पत्ते पिसावेत तशी सहा पानं पिसली नाहीत एवढंच, बाकी वाटली पत्त्यांसारखीच. एक पान तुले, एक पान त्याले. आजोबा भोळे होते की बिलंदर, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी तेव्हा भोळे म्हणणाऱ्यांत होते.

पान तीनची शेवटची ओळ, आमच्याकडे कागदपत्रं असतात तशी हिंदीत, अशी होती: "और दोनों मकानों के बीच की गली". तिथे पान संपलं. पुढचं सगळं पान चारवर, म्हणजे काकांच्या कपाटात. तिकडे काकांच्या वकिलांचीही तीच गत. त्यांच्याकडे गली शब्दच नव्हता, नुसतं पुढचं अर्धं वाक्य होतं, आणि ते कशाबद्दल आहे ते सिद्ध करायला पान तीन आमच्याकडे. कोर्टानं दोन्ही बाजूंना सांगितलं की पुढच्या पेशीच्या, म्हणजे तारखेच्या, आत मूळ पानं एकमेकांना दाखवा, प्रती द्या, मग फाटकाविरुद्धच्या स्टेचं बघू.

ऐकायला सोपं वाटतं. पण बाबा काकांच्या वकिलाच्या टेबलाशी जायला तयार नव्हते आणि काका आमच्या वकिलाच्या. पान हातातून सोडायला तर दोघेही तयार नव्हते. शेवटी कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटायचं ठरलं. बाबा छातीशी पिशवी धरून उभे, काका छातीशी पिशवी धरून उभे. दोघे सख्खे भाऊ, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"त्याले म्हण, आधी दोन नंबर टाक मशीनमधी."

"तुह्या बापाले सांग, एक नंबर आधी येते. पहिलीतलं पोट्टं सांगन."

"हौ, म्हणजे एक नंबर देऊन मी मोकळा. अन् मंग हा दोन नंबर घेऊन पळन."

काकांना सांधेदुखी आहे. पळणं सोडा, त्यांना रिक्षात चढायला हात द्यावा लागतो. अर्धा तास हे चाललं. मागे विद्यार्थ्यांची रांग लागली. शेवटी दुकानदार म्हणाला, "दादा, आप लोग पहले घर पे झगड़ लो, फिर आना," आणि त्यानं मशीन बंद केली. दोघे वकील समोरच्या टपरीवर एकत्र चहा पीत हे बघत होते. त्यांचं ते एकत्र चहा पिणं बघून बाबांना जेवढा धक्का बसला तेवढा फाटकानंही बसला नव्हता.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. सुचली म्हणजे वैतागातून बाहेर पडली. मी म्हटलं, असं करा, बोळीतच बसा. बाबांच्या मते बोळ बाबांची, काकांच्या मते काकांची. कोणालाच दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखं होणार नाही. पानं मी मोबाइलवर काढते. काकांचे वकील हसायला लागले, पण आमच्या वकिलांनी चहा खाली ठेवला. "मैडम ठीक बोल रही हैं," म्हणाले. "फाटक खोलना पड़ेगा, बस."

काका तयार झाले, एका अटीवर. फाटक तेवढ्यापुरतं उघडेल, काम झालं की पुन्हा कुलूप.

रविवारी दुपारी, बोळीत ऊन आल्यावर, काकांनी कुलूप काढलं. फाटकाच्या बरोबर मधोमध बाज टाकली, अर्धी आमच्या भागात, अर्धी त्यांच्या. बोळ एवढी अरुंद की बाजेच्या दोन्ही अंगांना मांजर जेमतेम जाईल. इकडच्या टोकाला बाबा, तिकडच्या टोकाला काका, त्यांच्यामागे भिंतींना चिकटून दोघे वकील. मी भुयारात शिरल्यासारखी वाकून मोबाइल धरून उभी. सुतळीच्या बाजेवर कागद खड्ड्यात जातात, म्हणून काकूनं पाटा दिला. वड्यांची डाळ वाटायचा दगडी पाटा. त्यावर पानं ठेवायची.

मी म्हटलं, "मी एक-दोन-तीन म्हटलं की दोघांनी एकदमच ठेवायचं." आणि दोघांनी ठेवलं. बाबांचं एक, काकांचं दोन. मग तीन आणि चार. मग पाच आणि सहा. कागद तेवढा पिवळा पडलेला, पण अक्षर कसं ठसठशीत. सहाच्या सहा पानं क्रमानं लागलेली बघून माझ्या अंगावर खरंच काटा आला. सगळ्यांनी पान चारवर डोकं घातलं. आमच्या वकिलांनी मोठ्यानं वाचलं.

"और दोनों मकानों के बीच की गली, ज्यों की त्यों रहेगी।"

पुढे आंब्याच्या झाडाचं सुरू झालं.

"बस?" काका म्हणाले.

"बस," वकील म्हणाले.

जशी आहे तशी राहील. एवढ्यासाठी मी ट्रंकेतली धूळ फुप्फुसात भरून घेतली होती. पण दोन्ही वकिलांचे चेहरे उजळले. आमचे म्हणाले, जशी होती तशी म्हणजे उघडी, म्हणजे आपण जिंकलो. त्यांचे म्हणाले, जशी आहे तशी, आणि आज तिथे फाटक आहे, म्हणजे आम्ही जिंकलो. दोघे भाऊ आपापल्या वकिलाकडे कौतुकानं बघायला लागले. माझ्या मनात आलं की आता हे म्हातारे होईपर्यंत लढतील. मग आठवलं की म्हातारे तर ते झालेच आहेत.

तेवढ्यात मागून आवाज आला. "उचला."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. केस विंचरलेले, वेणी घातलेली, अंगावर चांगलं लुगडं, हातात चटणीची वाटी.

"काय उचलू?" बाबा म्हणाले.

"बाज. मले जायचं आहे."

"अवं, कोर्टाचं काम होऊन राह्यलं..."

"होऊ द्या ना. मी कुठं नाई म्हणते? मले जाऊ द्या, मंग करा."

मी घाईघाईनं सहा पानं गोळा केली. काकांच्या वकिलांनी पाटा उचलून पोटाशी धरला. आमचे वकील आणि दोघे भाऊ, तिघांनी मिळून बाज उभी केली आणि सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिले. आई भिंतीला हात टेकत, एकेक पाऊल टाकत, त्यांच्यासमोरून गेली. फाटकाची चौकट ओलांडताना तिनं पत्र्याला हातही लावला नाही. काकू आपल्या ओट्यावर उभी होती. काकूनं नुसती बसायला चटई झटकली, दोनदा झटकली, आणि पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत एक फोटो हललेला आहे, तो तेव्हाचा.

वकील गेले. ऊन बोळीतून भिंतीवर चढलं. बाज आत गेली. काका कुलूप हातात घेऊन फाटकापाशी उभे राहिले. आई ओट्यावर वडीची भाजी खात बसली होती.

"वहिनी," काका म्हणाले, "फाटक लावतो म्हणतो."

"लावा ना भाऊजी. मी कुठं अडवलं?"

"मंग तुम्ही? पलीकडं जा ना."

"मी काहून जाऊ? पुन्हा आत बसाले?" आईनं भाजीचा रस्सा बोटानं पुसून घेतला. "मले त्या पायऱ्या चढवत नाईत. आता मी इथंच राहीन. पोरगी माह्या गोळ्या आणून देईन. फाटकाखालून सरकते सगळं."

काकूनं घाईघाईनं दुसरीकडे बघितलं.

पलीकडून बाबांचा आवाज आला. "अन् माह्या जेवणाचं काय?"

"तुमचे वकील आहेत ना," आई म्हणाली. "स्टे मागा."

काका कुलपाकडे बघत राहिले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा ते माझ्यामार्फत न बोलता बाबांशी थेट बोलले. "दादा, कूलरचं तोंड फिरवशीन काय?"

बाबांनी मान वळवून कूलरकडे बघितलं. मग म्हणाले, "हौ."

"मंग हौ," काका म्हणाले, आणि कुलूप खिशात टाकून घरात गेले. या भांडणाचा शेवट इतकाच. बाकीचं दोन्ही वकिलांनी पुढच्या पेशीला राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, लिहून आटपलं. त्यांच्यातला एक जरा हिरमुसला होता, कोणता ते सांगत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक काम राहिलं होतं. मी सहा पानं ओळीनं लावून नव्या फोल्डरमध्ये घातली होती. वर चिठ्ठी डकवली होती, प्रत्येक पान वेगळ्या प्लास्टिकमध्ये. इतकं देखणं फोल्डर मी कॉलेजातही कधी केलं नव्हतं. मी विचारलं, हे कोणाकडे ठेवायचं? बाबा म्हणाले, मोठा मी. काका म्हणाले, फाटक मी उघडलं. पुन्हा तेच सुरू होणार असं दिसलं.

"दे इकडे," आई म्हणाली.

मला वाटलं, ती स्वतःकडे ठेवेल. तिनं फोल्डर मांडीवर घेतलं आणि एकेक पान प्लास्टिकमधून ओढून काढायला लागली. माझा जीव कळवळला. "आई, आत्ता लावलं गं ते!"

"लावलं, पाहिलं," ती म्हणाली. "एकापाशी ठेवलं असतं तर आज दुसऱ्यानं फाटक काहून उघडलं असतं?"

पहिलं पान तिनं बाबांना दिलं. आजोबांबद्दलचं माझं मत मी तिथल्या तिथे बदललं. मग तिनं पुढचं पान माझ्याकडे धरलं आणि डोळ्यांनी काका दाखवले. माझे हात अजून ते फोल्डरमध्ये परत घालायला शिवशिवत होते. पान दोन मी काकांच्या हातात दिलं.